हंड्या कुणाच्या, माळा कुणाच्या

आमच्या घरी महालक्ष्म्यांची संदूक आम्ही वर्षातून एकदाच उघडायचो. श्रावण सरत आला की आई ती पुसून घ्यायची, भादव्यात आरास व्हायची, आणि महालक्ष्म्या गेल्या की झाकण बंद. त्यामुळे चैत्रात, ऐन उन्हात मी शाळेतून घरी आले आणि संदूक अंगणात उघडी दिसली तेव्हा मला वाटलं, यंदा महालक्ष्म्या लवकर आल्या. मी नऊ-दहा वर्षांची असेन. आम्ही नांदेडला राहत होतो आणि राज्य निजामाचं होतं.

"आई, महालक्ष्म्या कधी गं?"

"आत्ता कुठल्या महालक्ष्म्या? वाळवी लागलीय संदुकीला. नको ते काढून टाकून राहिले. तू आधी पाय धू."

मी वाकून पाहिलं. संदूक पत्र्याची होती.

"पत्र्याला कशी वाळवी लागंल?"

"आतल्या कागदांना लागलीय. लई बोलू नको."

आतल्या कागदांनाही वाळवी नव्हती. झिरमिळ्या होत्या तशाच होत्या, फक्त रंग उडालेला. आई माझ्याकडे न बघता एकेक वस्तू काढून चटईवर ठेवत होती.

वडील तहसील कचेरीत कारकून होते. संध्याकाळी ते आल्यावर मी त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, "माळवदावर नवी माती टाकायचीय, घर थोडं रिकामं केलेलं बरं." घर रिकामं करायचं तर ज्वारीच्या कणग्या का हलवत नाहीत, पाटा-वरवंटा का हलवत नाहीत, एका संदुकीनं घर काय रिकामं होणार, हे मला कळेना. त्या दिवसांत मला बरंच काही कळत नव्हतं. दुकानं लवकर बंद व्हायची. शाळेच्या वाटेवरच्या मैदानात खाकी कपड्यातली माणसं पाय आपटत चालायची, आणि ती दिसली की आई आम्हाला आत ओढायची. वडील घरात आले की आधी दार लावायचे आणि मग बोलायचे. का, ते कुणी सांगत नव्हतं.

संदुकीत काय नव्हतं! सोनेरी बेगडाचे मासे, मण्यांची तोरणं, कागदी फुलांच्या माळा, जरीचे काठ, भिंगं लावलेला पडदा, काचेच्या हिरव्या-तांबड्या हंड्या. महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे आईनं सगळ्यांत आधी उचलले. दरवर्षी ते लाल फडक्यात बांधून परत संदुकीच्या तळाशी जायचे. त्या दिवशी मात्र तिनं ते आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळले आणि आत नेऊन कपड्यांच्या गाठोड्यात खुपसले. ते कशाला, हेही मी विचारलं. "गप," एवढंच उत्तर मिळालं.

आता या संदुकीची एक गंमत सांगायला हवी. ती नुसती आमची नव्हती. आमच्या भिंतीला भिंत लागून स्टेशनवरच्या तिकीटबाबूंचं घर होतं. मागच्या अंगणात दोन्ही घरांच्या मधे एक दार होतं, ते दिवसा कधी लागलेलं मी पाहिलं नव्हतं. तिकीटबाबूंच्या बायकोला मी खाला म्हणायची. आई तिला आपा म्हणायची आणि ती आईला बाई. खालाच्या घरी वर्षातून एकदा मौलूद व्हायचा. बायका जमायच्या, पैगंबरांच्या जन्माची गाणी म्हणायच्या, आणि त्यासाठी तीही घर सजवायची. पण तिचं छत गळायचं. म्हणून माझ्या जन्माच्याही आधी कधीतरी तिनं आपली सजावट आमच्या संदुकीत आणून ठेवली होती. मग आमच्या महालक्ष्म्यांपुढे तिच्या हंड्या लागल्या, तिच्या मौलूदला तिनं संदूक उघडली की आमची तोरणं लागली, तुटलं ते कुणी तरी जोडलं, फाटलं ते कुणी तरी नवं आणलं. कुणाचं काय, हे कुणी विचारायचं कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं मधल्या दारातून हाक मारली, "आपा, जरा येता का? तुमचं तुम्हाला देऊन टाकते."

खाला ओढणीला हात पुसत आली. चटईवरचा पसारा बघून क्षणभर उभी राहिली.

"कायकू, बाई?"

"संदूक लई भरली. मोडकं-तोडकं टाकून द्यावं म्हणते. तुमचं तेवढं निवडून घ्या."

दोघी समोरासमोर बसल्या. मी मधे. मला वाटलं होतं, भांडण झालंच तर 'हे माझं, हे माझं' असं होईल. शाळेत आमचं तसंच व्हायचं. इथं उलटंच चाललं.

"या हंड्या तुमच्या," आई म्हणाली. "तुमच्या भावानं हैदराबादहून आणल्या होत्या."

"एकच लाया था वो. बाकी सब तुम्हारे."

"न्हाई हो आपा, मला चांगलं आठवतं."

"मेरेकू भी याद है. रखो तुम."

माळांचं तसंच. पडद्याचं तसंच. चांगली वस्तू आली की आई ती खालाकडे सरकवायची, खाला ती परत आईकडे सरकवायची. एक हंडी तर चटईवर इतक्या वेळा इकडून तिकडे गेली की मला भीती वाटायला लागली, आता फुटणार. फुटक्या मण्यांचं तोरण आलं तेव्हा मात्र दोघी एकदम म्हणाल्या, "हे माझं." मला हसू आलं. त्या दोघींपैकी कुणीच हसलं नाही.

"तू सांग गं," आई माझ्याकडे वळली. "हा पडदा कुणाचा?"

मला तो पडदा दोन्हीकडे आठवत होता. महालक्ष्म्यांच्या पाठीमागे, आणि खालाच्या ओट्यावर. आधी कुठे पाहिला, ते सांगता येईना.

"मला न्हाई माहीत."

"एवढी घोडी झाली, एक गोष्ट माहीत न्हाई!" आई ओरडली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खालानं मला जवळ ओढलं आणि आईला म्हणाली, "पोट्टी पे कायकू गुस्सा? इत्ते बरस में कभी पूछे नहीं मेरा-तुम्हारा. आजच क्यों पूछ रहे?"

आईनं पदर तोंडाला लावला. तेवढ्यात वडील कचेरीतून आले. अंगणातला तो प्रकार बघून ते वैतागले.

"अजून तेच चाललंय? अर्धं-अर्धं करा न् मोकळ्या व्हा. न्हाई तर चुलीत घाला. इथं जिवाची पडलीय आणि तुम्ही..."

बोलता बोलता त्यांचं लक्ष खालाकडे गेलं आणि ते थांबले. खाला उठली. तिनं एकही वस्तू उचलली नाही. मधल्या दारातून गेली आणि जाताना दार लोटून घेतलं. पसारा रात्रभर अंगणातच राहिला. आईनं त्यावर एक चादर टाकली. मी अंथरुणात पडून विचार करत होते. दोघी एकमेकींना देतच होत्या, मग रागावल्या कशाला?

सकाळी तिकीटबाबू स्वतः आले. ते आमच्या अंगणात सहसा यायचे नाहीत, वडिलांशी बाहेर ओट्यावरच बोलायचे. आज बरोबर स्टेशनवरचे दोन हमाल होते आणि हातात दोर होता. मागे दाराच्या आडोशाला खाला उभी होती.

"भाभी," ते खाली बघत म्हणाले, "हमारी छत की मरम्मत हो गई. संदूक अब हमारे पास रहेगी. सब उसी में रख दीजिए, आपका भी, हमारा भी. आप लोग वापस आएंगे तब देखेंगे."

आईचा चेहरा उतरला.

"वापस? कुठून वापस?"

तिकीटबाबूंनी वडिलांकडे पाहिलं. वडील स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले. शेवटी तेच हळू आवाजात म्हणाले, "तिकिटं यांनीच काढून दिली."

आई वडिलांकडे बघतच राहिली. पुढे पुष्कळ वर्षांनी तिनं मला सांगितलं, की 'आपण जातोय हे शेजारीसुद्धा कळू द्यायचं नाही' असं वडिलांनी तिला देवापुढे शपथेवर सांगितलं होतं. आणि स्वतः सगळ्यांत आधी शेजारी जाऊन सांगून आले होते. दुसऱ्या कुणावर भरवसा ठेवणार होते ते तरी?

"आपा, तुम्हाला ठाऊक होतं?" आईनं विचारलं.

"हौ."

"मग काल दुपारभर माझ्यासमोर बसून..."

"तुम नहीं बोले," खाला म्हणाली, "तो मैं भी नहीं बोली."

आई चटईवर बसली आणि रडायला लागली. खाला दारातून पुढे आली, तिच्याजवळ बसली आणि तीही रडायला लागली. हमाल दोर घेऊन तसेच उभे. वडील आणि तिकीटबाबू दोघेही आकाशात कुठेतरी बघत होते. मी एकटीच सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. आम्ही कुठे जाणार आहोत, हे मला अजूनही कुणी सांगितलं नव्हतं.

मग त्या दोघींनी मिळून संदूक भरली. काहीच टाकलं नाही, फुटक्या मण्यांचं तोरणसुद्धा.

आम्ही लातूरला गेलो, माझ्या मामाकडे. तिथंही दार लावूनच बोलायचे. काही दिवसांनी मामासोबत तिथून छोट्या आगगाडीनं बार्शीला. गाडीतून उतरल्यावर वडील पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले, चहा मागितला. ही हद्द निजामाची नाही, असं मामा म्हणाला. मी मागे वळून पाहिलं. हद्द कुठे दिसली नाही. तीच काळी माती, त्याच बाभळी.

बार्शीला एका खोलीत आम्ही सहा महिने काढले. भादव्यात आईनं गाठोड्यातून मुखवटे काढले, उसन्या आणलेल्या दोन डब्यांवर ठेवले आणि नेसायच्याच दोन साड्या त्यांना नेसवल्या. मागे नुसती भिंत होती. शेजारच्या बाईनं विचारलं, "आरास नाही करत तुमच्यात?" आई म्हणाली, "करतो की." त्याच महिन्यात निजामाचं राज्य गेलं. लोकांनी पेढे वाटले, मीही दोन खाल्ले.

दिवाळीनंतर आम्ही नांदेडला परतलो. आमच्या घराला धक्का लागला नव्हता. मधलं दार मात्र सताड उघडं होतं, आणि पलीकडे कुणी नव्हतं. आम्ही निघालो तेव्हा भीती आमच्या घरात होती. परत आलो तोवर ती खालाच्या घरात जाऊन आली होती. गल्लीतले लोक वेगवेगळं सांगत. कुणी म्हणे, बाबूंची बदली झाली. कुणी म्हणे, रातोरात हैदराबादला गेले. एकानं तर ते गेले तेव्हा सामान कुणी नेलं तेही सांगितलं, पण नाव विचारलं की गप्प. संदूक नव्हती. वडील म्हणाले, लुटली असणार. आई म्हणाली, आपानं बरोबर नेली असेल, आणि ते म्हणताना तिला जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. मला दोन्ही खरं वाटायचं, दिवसाआड. खरं काय, ते आम्हाला कधीच कळलं नाही, आणि खालाही पुन्हा कधी दिसली नाही.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी आई केरसुणी घेऊन मधल्या दारातून पलीकडे गेली. मी मागोमाग. रिकाम्या घरात तिनं कोपरान् कोपरा झाडला. लिंबाचा पाला खोलीत उडून आला होता, तो भरून बाहेर टाकला. मग मला बादली आणायला लावून अंगणात सडा घातला.

"आई, इथं तर कुणीच न्हाई. कुणासाठी झाडतेस?"

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, ओल्या अंगणाकडे बघत.

"मलाच कळंना," ती म्हणाली. "चल, भाकरी टाकायच्यात."