विद्यानगरच्या दुकानाचा रिपोर्ट

"विद्यानगर बंद करना है मॅडम, बस रिपोर्ट में दिखा दो," मूर्ती गारू म्हणाले आणि कॉफी पुढे सरकवली. गारू म्हणजे तेलुगूतलं आपलं 'राव'. हैदराबादेत त्यांची ड्रायक्लीनिंगची दुकानं. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये रिपोर्ट बसवून द्यायचं काम माझ्याकडे होतं.

रिपोर्ट म्हटलं की पहिला प्रश्न डेटा सोर्सचा, म्हणजे आकडे कुठून उचलायचे. इथे दोन जागा होत्या. साडी दुकानात आली की तिला टॅग लागतो, ती एक नोंद. परत नेताना बिल होतं, ती दुसरी. गारूंना बिलंच हवी होती. बिलांत विद्यानगर अगदीच मरगळलेलं दिसत होतं.

तरी म्हटलं, एकदा जाऊन बघू. तिथल्या मॅनेजर संगीताताई नांदेडकडच्या. मी मराठी आहे कळल्यावर त्यांनी माझा हातच धरला.

"ताई, खरं सांगा, दुकान बंद करायलेत का? इथं बसायला फुरसत नाही आन् म्हणं धंदा नाही! पोरीची शाळा इथं, घर इथं. कुठं जाऊ मी?"

"माझ्या हातात नाही हो ते," मी म्हटलं. कसलं नाही! सोर्स मीच तर निवडणार होते. फार वाईट वाटलं मला.

काउंटरमागे खुर्ची टाकून बसले. सकाळची वेळ. इस्त्रीची वाफ हळूहळू वर चढत होती आणि डोक्यावर टांगलेल्या साड्या पंख्याच्या वाऱ्याने हलत होत्या. डाळिंबी, मोरपंखी, अबोली, एक फिकट चिंतामणी. मी मुळातच तंद्री लागणारी बाई. नवरा म्हणतो, हिला भाजी आणायला पाठवलं तर ही आभाळ बघून परत येते. त्या रंगांखाली मी कुठे तरंगत होते कोण जाणे. बायका येत होत्या, साडी ठेवत होत्या, जात होत्या. आणखी येत होत्या.

अगंबाई! नेत कोणीच नव्हतं.

"आप साडी वापस कब लेते?" मी एका बाईंना विचारलं.

"मैं तो इधर से कॉलेज जाती. शाम को हिमायतनगर से लेती, घर उधरीच है ना."

"और पैसे?"

"पैसे अब्बी काइकू? पहले साडी खोल के देखते, दाग गया क्या देखते, फिर देते."

झालं! साडी इथे यायची आणि बिल फाटायचं गारूंच्याच हिमायतनगरच्या दुकानात.

मी टॅगच्या नोंदींवरून रिपोर्ट बसवला आणि गारूंसमोर ठेवला. त्यांनी वर आलेल्या विद्यानगरवर बोट ठेवलं.

"लेकिन पैसा तो हिमायतनगर में आ रहा ना?"

"आ रहा है. लेकिन काम कौन ला रहा, वो देखिए."

"अरे बाप रे! तो फिर हिमायतनगर बंद करूँ क्या?"

"अहो गारू, फिर साड्या वापस कहाँ देंगे? आपके घर से?"

तेव्हा कुठे हसले. दोन्ही दुकानं राहिली.

पैसे कुठे जमा होतात हे बघायचं तर बिलं घ्यावीत, काम कुठून येतं हे बघायचं तर टॅग. आधी प्रश्न ठरवावा, मग सोर्स. यात हुशारी काही नाही, पण ठरवत कोणी नाही.

संगीताताईंना मी लगेच फोन केला. दुकान राहिलं म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "ताई, मागून बोलते. बाया खोळंबल्यात." आणि फोन ठेवला.