वर्गातली ग्रामसभा

जळकोटच्या आमच्या घराची पुढची खोली शाळेतल्या बाईंना भाड्यानं दिली होती. आई गेली तशी सातवीतच माझी शाळा सुटली. चूल आणि धाकटी भावंडं माझ्याकडं आली. बाईंनी कधीतरी माझ्या वडिलांशी बोलावं, अण्णांनी घरी बसून मला दहावीची परीक्षा देऊ द्यावी, एवढीच आस होती.

बाई गणिताच्या. नागरिकशास्त्र त्यांच्या गळ्यात पडलेलं. ग्रामपंचायतीचा धडा त्या नुसता वाचून दाखवायच्या आणि उत्तरं लिहून द्यायच्या. पोरांचेच बाप पंचायतीत. कुणी काही विचारलं तर काय सांगावं, ही धास्ती. मग संध्याकाळी ज्वारी निवडत मीच त्यांचा वर्ग व्हायची आणि वेडंवाकडं विचारायची. अडल्या की त्या पुस्तकाची पानं चाळायच्या. एकदा म्या म्हटलं, "बाई, माहीत न्हाय म्हणा की. उद्या इचारून सांगते म्हणा. पोरं काय खातेत व्हय?" बाई लई हसल्या.

शेवटी त्यांनी वर्गात ग्रामसभा भरवली आणि मला बघायला दारात उभं केलं. सरपंच एक मुलगी. पाण्याच्या टाकीचा प्रश्न आला तशी ती उठली, शेजारच्या मुलाला खुर्ची देऊन मागं उभी राहिली. "हे बोलतील," म्हणाली. गावातही सरपंचबाईंच्या खुर्चीत त्यांचे मालकच बसायचे. एरवी बाईंनी पुस्तकात तोंड घातलं असतं. त्या दिवशी शांतपणे म्हणाल्या, "निवडून कोण आलंय? मग खुर्ची कुणाची?"

मुलगी परत बसली. अडखळत का होईना, बोलली.

त्याच संध्याकाळी बाईंनी अण्णांपुढं माझा विषय काढला. अण्णा रागावले नाहीत. मलाच म्हणाले, "तुला शिकायचंय का गं?"

बाई माझ्याकडं बघत होत्या. धाकटा कडेवर, चुलीवर दूध. माझ्या तोंडून आलं, "तुमी म्हणाल तसं."

विषय तिथंच मिटला. पुढल्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं.

आता हैदराबादेत एका वसतिगृहात पोळ्या लाटते. फोन वाजला की आधी वाटतं, गावाकडं कुणाला काही झालं का. बहुतेक वेळा बाईच असतात. नागरिकशास्त्राला बिचकणाऱ्या नव्या शिक्षकांना त्या धीर देतात, माझं 'इचारून सांगते' त्यांना ऐकवतात. माझ्यासाठी त्या अण्णांशी बोलल्या, हे मी जन्मभर विसरणार नाही.

परवा त्यांनी विचारलं, "अजून वेळ गेली नाही. बसतेस का परीक्षेला?"

मी म्हटलं, ह्यांना विचारून सांगते.

फोन ठेवला. कणकेत हात घातले, आणि बाईंचं ते वर्गातलं आठवलं, 'मग खुर्ची कुणाची?'