न झालेल्या गोलांची किंमत

जन्मात एकदा तरी तोंडाचा आ मिटू नये इतकं थक्क व्हावं, अशी कुणाची इच्छा असेल तर त्यानं मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरात यावं आणि आमच्या साडूंच्या शेजारी बसून आइस हॉकीची एक मॅच बघावी. मला स्वतःला अशी काही इच्छा नव्हती. पण बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा हा काही आपण निवडलेला माणूस नसतो, तो लग्नाबरोबरच येतो. त्यातून नशिबानं दोघांची घरं मेलबर्नमध्ये, आणि तीही गाडीनं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे गेली कित्येक वर्षं मी दर आठवड्याला नेमानं हादरत आलो आहे आणि अजून मला त्याची सवय झालेली नाही.

साडू भूल देणारे डॉक्टर. पुण्यात शिकले, इथल्या हॉस्पिटलात स्थिरावले. तुमचं बोलणं ऐकल्यावर पेशंटला वेगळं औषध लागत नसेल, असं मी त्यांना एकदा म्हणालो. त्यावर त्यांनी क्षणभर विचार करून "नाही रे, औषध लागतंच," असं प्रामाणिक उत्तर दिलं. विनोद त्यांना कळत नाही असं नाही, पण ते तो आधी तपासून बघतात. आयुष्याबद्दल त्यांचं एक ठाम मत आहे आणि ते त्यांच्या धंद्यातूनच आलेलं आहे. "सर्जनला लोक फुलं आणून देतात," ते सांगतात. "माझा पेशंट उठतो आणि विचारतो, 'डॉक्टर, सुरू केलंत का?' ऑपरेशन केव्हाच झालेलं असतं! म्हणजे माझं काम फर्स्ट क्लास झालं. काही न होऊ देणं, हेच आपलं काम." हे वाक्य त्यांनी आमच्या साखरपुड्यातही म्हटलं होतं. सासरची मंडळी बराच वेळ एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती.

असा माणूस बर्फावर कसा पोचला, तर उकाड्यामुळे. एका जानेवारीत, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, अंगाची लाही लाही होत होती आणि त्यांच्या घरातला एसी बंद पडला. ताईंनी, म्हणजे माझ्या मेव्हणीनं, शॉपिंग सेंटरमध्ये जाऊन बसू म्हटलं. साडू म्हणाले, थंडच व्हायचं तर अर्धवट कशाला, आणि गाडी थेट बर्फाच्या रिंकवर नेली. तिथे एका छोट्या क्लबाची प्रॅक्टिस चालली होती. ताई तासाभरात कुडकुडत बाहेर आल्या. साडू आतच राहिले, ते एका अर्थी अजून आतच आहेत. पुढच्या हिवाळ्यात सीझन सुरू झाला तेव्हा हा गृहस्थ कानटोपी, मफलर, दोन स्वेटर आणि आल्याच्या चहाचा थर्मास अशा थाटात पहिल्या रांगेत हजर. खेळाडूंना वाटलं, कुणाचे तरी आजोबा आले असतील. महिन्याभरात सगळा क्लब त्यांना 'डॉक' म्हणायला लागला आणि शिक्षा म्हणून बाजूला बसवलेला खेळाडू त्यांच्या डब्यातला चिवडा खायला लागला.

आता खेळ बघायचा म्हणजे आपण काय करतो? ती काळी रबरी चकती, जिला पक म्हणतात, तिच्यामागे डोळे पळवतो. साडू पककडे बघतच नाहीत. जिथे पक जात नाही, तिथे बघतात. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा आमच्या टीमनं एक झकास गोल मारला, अख्खं स्टेडियम उभं राहिलं, मीही ओरडलो. साडू बसलेले. वळून मला म्हणाले, "ते सोड. आत्ता तिकडे काय झालं नाही, ते बघितलंस का?" मी चाट! जे झालंच नाही ते बघायचं कसं? पण ते समजावू लागले. समोरचा फॉरवर्ड उजवीकडून आत घुसणार होता, आपल्या डॅनीनं नुसतं दोन पावलं पुढे सरकून त्याची वाट अडवली, त्यानं नाद सोडला, पक दुसरीकडे गेली. "हा गोल होता! झाला नाही, इतकंच."

हा डॅनी म्हणजे क्लबाचा डिफेन्समन, बचाव सांभाळणारा. बसलेल्या उंटासारखा शांत चेहरा, दिवसा लोकांच्या बाथरूममध्ये फरश्या बसवायचा, संध्याकाळी बर्फावर. त्याच्या नावावर गोल जवळजवळ नव्हतेच. त्यामुळे क्लबात त्याच्याबद्दल कुणी चांगलं बोलत नसे आणि वाईटही बोलत नसे. साडूंनी मात्र त्याला डोक्यावर घेतलं. हॉस्पिटलात, देवळात, दुकानात, कुठेही माणूस सापडला की त्याला डॅनी ऐकावा लागे. गणेशोत्सवाच्या मंडळात ढोल वाजवणाऱ्यांचं कौतुक चाललेलं असताना साडूंनी उठून जाहीर केलं, की या मंडळाची खरी किंमत म्हणजे चपलांपाशी उभ्या असलेल्या कुलकर्णी वहिनी. त्यांच्यामुळे मोदकांपर्यंत किती पोरं पोचली नाहीत ते मोजा! वहिनींनी त्यानंतर बरेच दिवस बोलणं टाकलं. आमच्या सासूबाईंना तर व्हिडिओ कॉलवर ते म्हणाले, "आई, तुमच्यासारखा डिफेन्स मी पाहिला नाही. माझ्याआधी किती स्थळं तुम्ही दारातनंच परत पाठवलीत!" सासूबाईंचा कॅमेरा तेवढ्यात बंद पडला. मला अजून संशय आहे, की त्यांनीच तो बंद केला.

एवढा कौतुकाचा धबधबा, पण स्वतःच्या लेकीबद्दल अवाक्षर नाही. माझी भाची ब्रिस्बेनला मेडिसिनला लागली तेव्हा मी पेढे घेऊन धावत गेलो. साडू म्हणाले, "कसलं काय! एखादी जागा रिकामी राहिली असेल. सकाळी उठायचा कंटाळा, होतंय का बघू." पोरगी शेजारी उभी राहून हसत होती. तिला ठाऊक होतं. आपल्याकडे कितीतरी घरांत असंच चालतं. दुसऱ्याच्या मुलाला शाबासकी तोंडभर द्यायची आणि आपल्या मुलाला चारचौघांत खाली ओढायचं. माझे वडील तसेच होते.

ती ब्रिस्बेनला गेल्यावर घर सुनं झालं. त्याच सुमारास ताईंच्या बाथरूमच्या फरश्या उखडल्या आणि साडूंनी अर्थातच डॅनीला बोलावलं. डॅनीची आई लांब, ब्रिस्बेनपलीकडच्या टूवूंबा गावी, इथे त्याचं असं कुणी नव्हतं. ताईंनी त्याला जेवायला थांबवलं. फरश्या बसवून झाल्या तरी रविवारचं जेवण सुरूच राहिलं. तो वरण-भात हातानं कालवायला शिकला, "ताई, मोर तूप प्लीज" म्हणायला शिकला, आणि जेवल्यावर साडूंसमोर बसून न झालेले गोल पुन्हा ऐकायला शिकला. ही गोष्ट मला स्वतःला कधीच जमली नव्हती.

मग मागच्या सीझनचा शेवट आला. अशा क्लबांत खेळाडूचा करार सीझनपुरता असतो. तो संपला की खेळाडू मोकळा, ज्याला हवा त्यानं घेऊन जावा. डॅनीला अॅडलेडच्या एका क्लबानं विचारलं होतं. त्याला जायचं नव्हतं. इथेच राहायचं, याच पोरांबरोबर खेळायचं, एवढंच त्याचं म्हणणं. पण कमिटीकडे डिफेन्समध्ये एकच जागा उरलेली आणि दुसरा एक उमेदवार असा, की अधूनमधून गोलही मारतो. क्लबाची अध्यक्ष मॉरीन, मोठी दिलदार बाई, तिनं तोडगा काढला. "आमच्यापैकी कुणालाच डॅनीची किंमत नीट सांगता येत नाही," ती म्हणाली. "डॉकनं प्रत्येक मॅच बघितली आहे. डॉक सांगेल ते ऐकू."

शनिवारी आर्व्होला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, मीटिंग. मी साडूंना गाडीनं घेऊन गेलो. मनात म्हटलं, आता कमिटीची धडगत नाही, अंधार पडेपर्यंत सुटका होत नाही कुणाची. डॅनी मागच्या भिंतीला टेकून उभा होता. मॉरीन म्हणाली, "राइट, डॉक. व्हॉट्स ही वर्थ टु अस?"

साडू उठले. कानटोपी काढली. डॅनीकडे एकदा बघितलं, आणि एकदम लाजले. हो, लाजले! जमिनीकडे बघत म्हणाले, "वेल… ही इज ऑलराइट. नथिंग स्पेशल. डावीकडे जरा स्लो आहे. खातो फार. तुम्ही ठेवलंत तर तुमची मेहरबानी."

आणि खाली बसले.

मला वाटलं, माझ्या कानांत काहीतरी बिघाड झाला. मॉरीनच्या हातातला कप तसाच अधांतरी राहिला. ज्या माणसानं इतके हिवाळे आमची डोकी खाल्ली, तो हा? कुणीतरी हळूच म्हणालं, "फेअर इनफ. डॉकच असं म्हणतोय म्हणजे…" इथला माणूस जे बोलतो तेच त्याला म्हणायचं असतं, अशी इथली रीत. दहा मिनिटांत जागा दुसऱ्याला गेली. मी मागे वळून बघितलं तर भिंतीपाशी कुणी नव्हतं.

गाडीत मी अक्षरशः ओरडलो, "साडूबुवा, काय केलंत हे?"

"काय केलं?" त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. निर्णय ऐकून सगळ्यांत मोठा धक्का त्यांनाच बसला होता. "अरे, आपल्याच माणसाची चारचौघांत स्तुती करायची कशी? बरं दिसतं का ते? मला वाटलं, मी असं म्हटल्यावर ते म्हणतील, 'छे छे डॉक, असं कसं, पोरगा गुणी आहे!' कुणीच म्हणालं नाही रे!"

आपल्याकडे समोरच्यानं "छे छे" म्हणायचंच असतं. ते "छे छे" मेलबर्नच्या कमिटीला कुणी शिकवलं नव्हतं.

घरी ताईंनी सगळं ऐकलं आणि हातातली पळी ओट्यावर आपटली. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "परका होता तोवर गावभर कौतुक केलंत! आणि आपला झाला तर त्याच्या पोटावर पाय देऊन आलात?" साडूंनी मॉरीनला फोन लावला. आमच्यात असं असतं, माझ्या बोलण्याचा अर्थ उलटा घ्यायचा, वगैरे सांगत राहिले. मॉरीन गोड बोलली. "नो वरीज, डॉक. पण त्यानं मघाशीच अॅडलेडला होकार दिला."

रविवारी डॅनी जेवायला येईल असं कुणालाच वाटत नव्हतं. तो आला. जेवला मात्र नाही. खुर्चीच्या टोकावर बसून त्यानं सरळ विचारलं, "डॉक, आर यू ऑनेस्ट विथ मी? तीन वर्षं तुम्ही म्हणत होतात मी बेस्ट आहे. ते फक्त नाइस वागायचं म्हणून होतं का?" गेलेल्या जागेचा त्यानं विषयही काढला नाही. त्याला एवढं एकच हवं होतं.

भूल देण्यात वाकबगार असलेल्या त्या माणसाची स्वतःची जीभ बधिर झाली. शेवटी ताईच म्हणाल्या, "डॅनी, लिसन. ही टॉक्स लाइक दॅट अबाउट ओन्ली वन अदर पर्सन. अवर डॉटर."

डॅनीला समजायला जरा वेळ लागला. मग त्यानं विचारलं, "तिच्याबद्दल काय म्हणतात?"

"दॅट शी गॉट मेडिसिन बिकॉज सम सीट वॉज एम्प्टी."

तो हसला आणि हसता हसता त्यानं मनगटानं डोळे पुसले. मग खुर्ची पुढे ओढून बसला आणि ताईंनी न विचारता त्याला वाढलं. साडू त्याच्या पानाकडे बघत कसंबसं एवढंच म्हणाले, "भात थोडा घे. खातोस फार." दोन आठवड्यांनी तो अॅडलेडला गेला.

या हिवाळ्यात अॅडलेडची टीम इथे खेळायला आली. आम्ही तिघं गेलो. त्यांच्या क्लबाची काही मंडळी नेमकी आमच्या शेजारी बसली होती. त्यांच्यातली एक बाई डॅनीकडे बोट दाखवून शेजारणीला म्हणाली, "याला पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही, कळत नाही. हा नक्की करतो काय?"

साडू सावरून बसले. ताईंनी त्यांचा हात धरला, पण ते बोलायला लागलेच. असे बोलले, की मी त्यांना इतकं सुंदर बोलताना कधी ऐकलं नाही. डॅनी कुठे उभा राहतो, का उभा राहतो, त्याच्यामुळे समोरच्याच्या मनात काय येतं आणि काय येऊन विरतं. डावीकडचा तो अख्ख्या देशात एक नंबर, हे छातीठोकपणे. असा खेळाडू सोडणाऱ्या क्लबाला डोकं नाही, हेही. आवाज कुठे कापला नाही, नजर एकदाही खाली गेली नाही. त्या बायका खेळ बघायचं सोडून त्यांचंच ऐकत होत्या. एकीनं तर फोनवर काहीतरी टिपूनही घेतलं.

"वॉव," ती शेवटी म्हणाली. "आर यू फॅमिली?"

साडूंनी बर्फाकडे बघितलं. तिकडून डॅनीनं आम्हाला ओळखून हातातली स्टिक उंच केली होती.

"नो, नो," ते म्हणाले. "नॉट फॅमिली. आय जस्ट कम टु वॉच."

ताईंनी तोंड फिरवलं. आणि मी पुन्हा एकदा त्या माणसाकडे नुसता बघत राहिलो. इतकं धडधडीत खोटं त्यांच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.