चीफचे उसने कान

चीफ स्क्रू-ड्रायव्हरने गाणं ऐकायचे. थट्टा नाही! टेपरेकॉर्डरच्या स्पीकरवर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटायचे. जहाजावर चीफ इंजिनिअर असताना बेअरिंगची कुरकुर ते अशीच ऐकायचे. त्याच इंजिनांनी तीस वर्षांत त्यांचे कान खाल्ले होते. उरल्यासुरल्या ऐकण्यावर त्यांना एक पुस्तक पुरं करायचं होतं.

पुस्तक कशावर, तर इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावात कृष्णवर्णीयांचं संगीत पहिल्यांदा कोणी आणलं, यावर. परदेशात, सेरंगूनच्या एका इमारतीत आठव्या मजल्यावर बसून मालवणच्या माणसाने ही उठाठेव कशाला करावी, असं मी तोंडावरच विचारलं होतं. आमचा फ्लॅट शेजारचा. नवरा दिवसभर कंपनीत, आणि मी डिपेंडंट पासवर, म्हणजे नोकरी करायची नाही, नुसत्या भिंती बघायच्या. चीफ म्हणाले, "मग तू ऐक आणि लिहून काढ. जीभ एवढी चालते तुझी, कानही चालत असतील."

उठाठेवीला कारण होतं. पंचविशीत त्यांचं जहाज त्या गावात दुरुस्तीला लागलं आणि हे तिथे तीन महिने अडकले. खोली मागायला जावं तर यांचा रंग बघून दारं बंद. शेवटी सॅमीने आपली अर्धी खोली दिली. सॅमी जमैकाचा, बोटीवर बॉयलरपुढे कोळसा ओढणारा आगवाला, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच त्या गावात उतरून राहिलेला. रविवारी धक्क्यावरच्या नाचघरात तो बँजो वाजवायचा. पुढे गावाने आपल्या इतिहासाची पुस्तिका काढली आणि त्यात छापलं की हे संगीत इथे अमेरिकन सैनिकांनी आणलं. सॅमीचा उल्लेखसुद्धा नाही! सॅमी शेवटच्या आजारात असताना चीफनी त्याला फोनवर शब्द दिला, "पहिल्या पानावर पहिलं नाव तुझं."

तेव्हापासून ते त्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना पत्रं पाठवायचे, की आठवतं ते टेप करा आणि धाडा. आता ते इथल्या शिपयार्डात नोकरीला होते, शनिवारी अर्धा दिवस. दोऱ्याने बांधलेल्या पिशवीतली कोपी, म्हणजे इथली कॉफी, हातात घेऊन चीफ थेट आमच्याकडे यायचे. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबत नसे, खालून एक जिना चढावा लागे, आणि धापा टाकतच पहिला प्रश्न, "किती पानं झाली गो?" मी सबबी सांगू लागले की म्हणायचे, "भर समुद्रात इंजिन बंद पडलं तर लाटांना कारणं सांगत बसतेस काय?" प्रत्येक कॅसेट तीनदा ऐकायची, हा हुकूमच होता. मी चिडायचे, आणि चौथ्यांदाही ऐकायचे.

एका मंगळवारी नव्वदीतल्या एका आजीबाईंची कॅसेट लावली. बाई ठणकावून सांगत होत्या, की सॅमी तर फार नंतर आला. त्याच्या आधी पंधरा वर्षं, आफ्रिकेहून आलेली एस्थर नावाची धोबीण दर रविवारी चॅपेलमध्ये पियानो वाजवायची. तिचा ताल असा, की पाद्र्याचेसुद्धा पाय हलायचे. बाई स्वतः तिच्या शेजारी बसून शिकल्या होत्या. एवढं सांगून बाईंनी तो तालही टेबलावर वाजवून दाखवला.

मी कॅसेट तूरडाळीच्या डब्यामागे ठेवून दिली. चीफना ऐकू थोडंच येणार होतं? एस्थर मरून किती वर्षं झाली, तिचं काय बिघडणार होतं? पण डाळ काढायला गेले की ती हाताला लागायची आणि मला स्वतःचीच लाज वाटायची. शनिवारी मी सगळं कागदावर उतरवून त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी दोनदा वाचलं. "कधी ऐकलंस?"

"मंगळवारी," मी मोठ्याने म्हणाले.

"आज शनिवार. अगो, माझे कान आता तू आहेस. कानांनी दयामाया करायची नसते."

मला रडू आलं. त्यांनी मात्र टाईप केलेलं पहिलं पान फाडलं, टाईपरायटरमध्ये कोरा कागद चढवला आणि एस्थरचं नाव बडवलं. मी विचारलं, "आणि सॅमीला दिलेला शब्द?"

"शब्द मी दिला, चूक माझी. त्याची शिक्षा तिला कशाला?" बोलताना आवाज फुटला, पण हात थांबला नाही. दुसऱ्या प्रकरणाला सॅमीचं नाव मिळालं. पुढच्या वर्षी हस्तलिखित त्या गावच्या वाचनालयाकडे रवाना झालं.

तोवर चीफचं ऐकणं पार संपलं होतं. नवऱ्याचं कंत्राट संपून आम्ही पुण्याला निघालो, त्याच आठवड्यात सॅमीच्या मुलीने एक जुनी कॅसेट पाठवली. वडिलांच्या सामानात सापडली होती. चीफ माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले. "लाव. मी तुझं तोंड बघतो."

बँजो वाजला, मग एक घोगरा, दमलेला आवाज.

"गातोय?"

मी मान डोलावली.

"सुरात?"

सुराचा पत्ता नव्हता. माणूस गाण्यावरून नुसता घरंगळत होता. चीफ डोळ्यांत प्राण आणून माझ्याकडे बघत होते. मी मान आडवी हलवली.

चीफ हसत सुटले, खुर्ची हलेपर्यंत, डोळ्यांतून पाणी वाहेपर्यंत. "मग सॅमीच तो," म्हणाले. "सॅमीच!"