गाईच्या ओळखीचं पातळ

नगरला छातीच्या रोगांचा दवाखाना चालवायला लागल्यापासून एक गोष्ट मी पाहत आले आहे. आमच्याकडे खोकला म्हटला की टीबी आणि धाप म्हटली की हृदय. फुप्फुसाला तिसरं काही होऊ शकतं असं सांगायला गेलं, की लोक माझ्याकडे नवी भिशी काढणाऱ्या बाईकडे बघावं तसं बघतात. यात चिडण्यासारखं काही नाही हे कळतं, तरी मी चिडते.

सोनईकडच्या एका गावातून ती आली तेव्हा चाळिशीच्या आसपास असेल. बरोबर नवरा आणि सासू. टीबीच्या गोळ्यांचा पूर्ण कोर्स घेऊन झाला होता, बेडक्यात जंतू मात्र एकदाही सापडला नव्हता. कोरडा खोकला, संध्याकाळी कणकण, आणि पाण्याची बादली उचलली तरी धाप. नवरा हे सगळं सांगत होता, तोच सासूने त्याला थांबवलं.

"बाई, म्हायेरी जाती तवा ही ठनठनीत असती. आमच्या उंबऱ्यात पाय ठिवला की पडती. ही काय दुखन्याची रीत हाय व्हय? निसतं नाटक."

सून खाली बघत राहिली. मी मात्र सावरून बसले. माणूस घर सोडल्यावर बरा होतो आणि परतल्यावर आजारी पडतो, तेव्हा त्या घरात काहीतरी असतं. सासूशिवायही.

विचारत गेले तसं निघालं. दावणीला चार गाई. अवकाळीत भिजलेला कडबा तसाच ओला रचून ठेवलेला, आत सगळी बुरशी. टाकून द्यावा तर वैरणीची टंचाई. सकाळ-संध्याकाळ त्या कडब्याची कुट्टी करायची हिने, गाईंपुढे टाकायची हिने आणि धाराही हिनेच काढायच्या. स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांवर पीठ भुरभुरल्यासारखं दिसत होतं.

मी त्यांना समजेल असं सांगितलं. बुरशीची धूळ श्वासातून आत जाते. काहींचं अंग तिच्याशी भांडायला उठतं आणि त्या भांडणात फुप्फुसच जखमी होतं. धूळ आत्ता थांबली तर ते भरून येईल. थांबली नाही तर फुप्फुस घट्ट होत जाईल, आणि एकदा घट्ट झालेलं पुन्हा मऊ होत नाही. "गोठ्याचं तोंडसुद्धा बघायचं नाही," मी म्हणाले. गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्या दिवसापासून गोठा सासूने अंगावर घेतला, हे नवऱ्याने नंतर सांगितलं. बाई तोंडाची फटकळ असली तरी कामाला मागे हटणारी नव्हती.

पुढच्या खेपेला सून न थांबता जिना चढून वर आली. मला मनापासून आनंद झाला. असे आनंद माझ्या धंद्यात फार नसतात.

गोळ्या कमी केल्या आणि ती पुन्हा खोकू लागली. गोळ्या वाढवल्या, थोडी सावरली, परत घसरली. प्रत्येक वेळी मी एकच विचारायचे, गोठ्यात जाता का? प्रत्येक वेळी तेच उत्तर, न्हाई. नवऱ्याने देवाची शपथ घेतली. पहिल्या पावसाळ्यानंतरच्या स्कॅनमध्ये कडेला जाळी धरलेली दिसली, फुप्फुस घट्ट व्हायला लागलं होतं, तेव्हा मला राग आवरेना. मी रोग तपासत होते, आणखी औषधं शोधत होते, आणि ही माणसं खोटं बोलतात असं मनात धरून बसले होते.

एकदा पाठीवर नळी लावून श्वास ऐकत होते. आतून चपलेचा नवा वेल्क्रोचा पट्टा उचकटावा तसा चर्र आवाज येत होता. मान खाली घातली आणि नाकात शेणाचा, कुबट वैरणीचा वास भरला.

"ताई, तुम्ही गोठ्यात जाता."

"न्हाई, मॅडम. मी न्हाई जात," ती शांतपणे म्हणाली. "पातळ जातंय."

मग कळलं. गाय दुसऱ्या हाताला पान्हा सोडेना. लाथा झाडायची, दूध चढवून धरायची. तेव्हा सासूने जुनी युक्ती काढली, सुनेचं पातळ नेसून धारेला बसायची. जन्मभर नऊवारी नेसलेली म्हातारी पाचवारीत अवघडून बसायची आणि गाय निमूट दूध द्यायची. पण पातळाला सुनेच्या अंगाचा वास हवा. म्हणून धुवायचं नाही. धारा झाल्या की तेच पातळ सुनेने नेसायचं, रात्री त्यातच झोपायचं. उजाडलं की सासूच्या अंगावर.

माझा शब्द त्यांनी तंतोतंत पाळला होता. कुणी काही लपवलंही नव्हतं, पातळाचं मी विचारलंच नव्हतं आणि विचारायला सुचणार तरी कुणाला होतं? माझा राग कुठे ठेवावा हे मला कळेना.

गाई त्याच आठवड्यात विकल्या. कडबा लांब नेऊन जाळला, घर धुऊन काढलं. पण फुप्फुस घट्ट झालं होतं. त्यानंतर ती ऑक्सिजनच्या नळीला बांधलेली राहिली. सासू तिला न्हाऊ घालायची, घास भरवायची, वेणी घालायची. पुढच्या थंडीत सून गेली.

तिचं दिवसकार्य उरकल्यावर सासू आणि नवरा दवाखान्याचं ऑक्सिजन मशीन परत द्यायला आले. मशीन पुसून, फडक्यात बांधून आणलं होतं. नवरा बाहेर थांबला. सासू माझ्यासमोर बसली.

"बाई, येक इचारते. त्येच पातळ मी बी नेसत हुते. गोठ्यात तर मीच हुते. मग मला का न्हाई झालं?"

मी म्हणाले, प्रत्येकाचं अंग वेगळं असतं, मावशी. त्या धुळीशी ज्यांचं अंग भांडतं अशी माणसं फार थोडी असतात. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तसं न्हाई. माझा बी फोटो काढा. असंल आत कायतरी."

मी समजावून पाहिलं, ती उठेना. शेवटी छातीचा फोटो काढला. उजेडावर धरून तिला दाखवला. फुप्फुसं स्वच्छ होती, तिच्या वयाच्या मानाने फारच चांगली. तुम्हाला काहीही झालेलं नाही, असं मी तिला सांगितलं, तेव्हा ती पदर तोंडात धरून रडायला लागली.