मोकळी जागा

आराबा एशुनला रागाने थरथरताना मी एकदाच पाहिलंय, तेही माझ्या दुकानात. मी किनाऱ्यालगत शिवणकाम करते; ती तीस वर्षं किनाऱ्यावरच्या मातीच्या भट्टीत तारली धुरावून विकते. त्या दिवशी नगरसभेची नोटीस घेऊन आली होती. तिला इंग्रजी येत नाही.

मी वाचून सांगितलं. नवा नाला आणि मासळीबाजार होणार, किनाऱ्यावरच्या सगळ्या भट्ट्या टेकडीमागे हलवणार, आणि गेल्या सभेत नागरिकांनी याला संमती दिली आहे.

"कुणी दिली?"

"खाली अंगठे आहेत, आंटी. तुमचाही आहे."

"अगं, तो हजेरीचा कागद होता! दोन तास इंग्रजीत बोलले, थंड पाणी पाजलं आणि म्हणाले, आलात ना, मग करा अंगठा."

टेकडीमागे भट्टी म्हणजे ओल्या मासळीची टोपली डोक्यावर घेऊन अर्धा तास चढ. म्हाताऱ्या बायका कशा चढणार? आराबा तडक निवृत्त शिक्षक एसेल मास्तरांकडे गेली. "मास्तर, सगळा आराखडा आमच्या फांटी भाषेत वाचून दाखवा. थोडक्यात नको."

मंगळवारी आमच्या होड्या समुद्रात जात नाहीत. तीन मंगळवार बायका ओढून ठेवलेल्या होड्यांच्या सावलीत बसून ऐकत होत्या. तिसऱ्या मंगळवारी मास्तरांनी नकाशा उघडला. भट्ट्यांच्या जागी लिहिलं होतं, 'मोकळी जागा'.

"म्हणजे मी इतकी वर्षं हवेत मासे भाजतेय होय?" एकजण म्हणाली. सगळ्या खो खो हसल्या. आराबा हसली नाही. तिने जाळ्याची दोरी आणली आणि मोजायला लागली. एकशे त्रेचाळीस भट्ट्या भरल्या. मास्तरांनी एकूण एक भट्टी कागदावर काढली.

पुढच्या सभेत तरुण अधिकाऱ्याने इंग्रजीत सुरुवात करताच ती उभी राहिली.

"फांटीत सांगा, साहेब."

"आंटी, कागदपत्रं इंग्रजीत आहेत."

"तुमची आई तुम्हाला इंग्रजीत रागवायची का?"

सभा हसली. मागून होडीवाल्यांचा पुढारी ओरडला, "बस खाली, आराबा! मासे करपतील तुझे."

"भट्टीच राहिली नाही तर भाजू कशावर, तुझ्या टकलावर?"

अधिकारी आमच्याच भागातला होता. तो हसला आणि फांटीत बोलू लागला. मास्तरांचा कागद त्याने बराच वेळ पाहिला. "या भट्ट्या आमच्या नजरेतून सुटल्या," तो म्हणाला.

"धूर तर तुमच्या ऑफिसात येतो की," आराबा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः किनाऱ्यावर आला आणि उन्हात फिरला. आराखडा बदलला. एकशे एकवीस भट्ट्या जागच्या जागी राहिल्या. पण दरवर्षी घरांत पाणी शिरायचं, नाला हवाच होता. त्याच्या वाटेतल्या बावीस भट्ट्या हलवाव्या लागणार होत्या. त्यांत आराबाचीही होती.

"आंटी, आता तुमचं ऐकतात. नाल्याची रेघ जरा सरकवायला सांगा ना," मी म्हटलं.

"मग नाला शेजारच्या एकुआच्या घरात शिरेल. तिने कुणाचं घोडं मारलंय?"

भट्टी तिने स्वतःच्या हातांनी पाडली. कोणाला हात लावू दिला नाही. शेवटची माती फुटली तेव्हा मात्र तिथेच बसून पोटभर रडली. मी पाणी नेलं, तेही घेतलं नाही. आता रोज टेकडी चढते. गुडघे दुखतात, आणि दुखतात हे सगळ्यांना ऐकवतेही.

बायकांनी तिला नगरसभेच्या निवडणुकीला उभं केलं. होडीवाल्या पुढाऱ्याच्या पुतण्याने तिला सपशेल पाडलं. नव्या सभेच्या पहिल्याच बैठकीला ती पुढच्या बाकावर, सोबत वीस-पंचवीस जणी.

"हरलात की, आंटी! आता कशाला आलात?" त्याने डिवचलं.

"तू जिंकलास म्हणूनच आले, बाळा," ती भट्टीवरून आणलेला पंखा हलवत म्हणाली. "चल, सांग. नाला कधी सुरू करतोस?"