खाली काही नाही

लहान पोरं घेऊन बर्फातली सुट्टी घालवायला आमच्या आउसरलान गावात यावं की नाही, हे गेली तीसेक वर्षं एकच बाई ठरवत आली आहे. तिचं नाव वाल्बुर्गा, गावात सगळे बुर्गी म्हणतात. पाहुण्यांच्या कार्यालयात ती फोनवर बसायची. कार्यालय म्हणजे आगीच्या बंबाशेजारची एक खोली, त्यात एक शेगडी, एक टेबल आणि पत्रकांचे गठ्ठे. आता ती एकाहत्तर वर्षांची आहे, नोकरी संपून बरीच वर्षं झाली, तरी लोक तिच्या घरी फोन करतात. एका आईने दुसरीला नंबर दिलेला असतो.

मी किलियान. आमच्या कुरणाच्या उतारावर पोरांना वर ओढून नेणारा दोर मी चालवतो, बाविसाव्या वर्षापासून. मला पाहुण्यांचा कंटाळा आहे हे गावात सगळ्यांना माहीत आहे. बुर्गीला तो कधीच आला नाही, हेही माहीत आहे.

तिचं फोनवरचं बोलणं ऐकण्यासारखं असतं. एकदा स्टुटगार्टचा एक बाप विचारत होता, "तुमच्याकडे सगळे उतार मिळून किती किलोमीटर होतात?"

"पोरं किती वर्षांची?"

"एक तीन, एक पाच."

"मग तीन वर्षांची पोर किती किलोमीटर घसरणार आहे? दुपारी झोपते का ती?"

"झोपते."

"मग झोपायच्या खोलीपासून उतार किती पावलांवर आहे ते विचारा. संडास कुठे आहे ते विचारा, कारण अंगातले तीन थर उतरवेपर्यंत पोर थांबत नसते. उतारावर ऊन किती वाजता येतं ते विचारा. आमच्याकडे जानेवारीत साडेअकराशिवाय येत नाही, तोवर पोरांची नाकं निळी पडतात. जानेवारीत यायचं असेल तर पलीकडच्या ओबरवांगला जा. मार्चमध्ये असेल तर आमच्याकडे या. आणि उताराच्या तळाशी काय आहे ते विचारा. कुठल्याही गावाला फोन केलात तरी हे विचाराच."

एगोन आमच्या गावातल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलचा मालक आणि पाहुण्यांच्या समितीचा अध्यक्ष. तो हे ऐकून लालबुंद व्हायचा. "बुर्गी, तू पगार आमचा घेतेस आणि गिऱ्हाइकं ओबरवांगला पाठवतेस. तिकडे सोयरीक जमवायची आहे का तुला?"

"या वयात कोण घेतंय मला!" ती म्हणायची आणि पुढचा फोन उचलायची.

तिला काढून टाकायचं समितीत दोनदा ठरलं, पण प्रत्यक्ष काढायला कोणी धजावलं नाही. का, ते सांगतो.

आमच्या उताराच्या तळाशी सपाट कुरण आहे आणि कुरणाच्या कडेला ओढा. आता हा ओढा उन्हाळ्यात ओढा असतो. नोव्हेंबरमध्ये एकदा बर्फ पडलं की आमच्या लेखी तो नाहीसा होतो. बर्फाची जाड पाठ त्याच्यावर चढते आणि आमचे आजोबा वरच्या कोठारातलं गवत घसरगाडीवर लादून त्याच पाठीवरून खाली आणायचे. हिवाळ्यात ओढा म्हणजे आमचा रस्ता. फक्त डोंगरावरून गरम वारा उतरला की दोन दिवस काठच्या ठेंगण्या झाडांपलीकडे पाऊल टाकायचं नाही, कारण पाठ आतून पोखरली जाते आणि वरून तशीच पांढरी दिसते. हे आम्हाला कोणी शिकवलेलं नाही. चालायला लागल्यापासून पायांनाच ठाऊक असतं.

तेहतीस वर्षांपूर्वी म्युन्स्टरहून एका बाईंचा फोन आला होता. लोमानबाई. दोन मुलं, सात वर्षांची मारिट आणि चार वर्षांचा टिल. पहिल्यांदाच बर्फात यायचं होतं आणि तीन गावांमधून एक निवडायचं होतं. बाईंनी कागदावर प्रश्न लिहून काढले होते. स्की शिकवणारे शिक्षक पोरांवर ओरडतात का, दुपारी सूप मिळतं का, आणि शेवटी, "पोराला थांबता आलं नाही तर? उताराच्या खाली काय आहे?"

बुर्गी म्हणाली, "खाली काही नाही. सपाट कुरण आहे. आपोआप थांबेल."

ती खोटं बोलली नाही. फेब्रुवारी होता आणि फेब्रुवारीत आमच्याकडे ओढा नसतो. मला विचारलं असतं तर मीही तेच सांगितलं असतं. माझ्या बापानेही तेच सांगितलं असतं, एगोननेही, पाद्रीबाबांनीही. पण विचारलं होतं तिला.

ते लोक आले. टिलच्या डोक्यावर पिवळी टोपी होती. पोर धीट होतं, दोर हातात देताना रोज मला दम द्यायचं, "जोरात ओढ हं!" चौथ्या दिवशी गरम वारा सुटला होता. दुपारी बर्फ ओलं आणि घसरडं झालं. टिल उतरला, हात पसरून, खिदळत. सपाटीवर तो थांबला नाही. ओल्या बर्फावर तसाच सरकत गेला, झाडांच्या रांगेतून पलीकडे, आणि पिवळी टोपी दिसेनाशी झाली. मी दोर बंद करून धावलो. फावडी आणेपर्यंत, नेमकी जागा सापडेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. त्या चाळीस मिनिटांबद्दल मला आणखी काही लिहायचं नाही.

चौकशी झाली. अपघात, असं सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं आणि ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लोमानबाई कार्यालयात आल्या. मी तिथे शेगडीपाशी उभा होतो. मला वाटलं आता त्या ओरडतील, टेबल उलथतील. आम्हा सगळ्यांना ते परवडलं असतं. त्यांनी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही म्हणाला होतात, खाली काही नाही."

बाई दारात क्षणभर थांबल्या, मग गेल्या.

त्या वर्षी पाद्रीबाबांनी तिला समजावलं, तिच्या बहिणीने समजावलं, मीही माझ्या परीने तारे तोडले. ती सगळ्यांना एकच म्हणायची, "मला विचारलं होतं आणि मी सांगितलं." लग्न ठरलं होतं तिचं, शेजारच्या खोऱ्यातल्या सुताराशी. ते तिने मोडलं. कारण कोणाला सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

पुढच्या नोव्हेंबरात, थडग्यांवर पितरांचे दिवे लावून झाल्यावरच्या शनिवारी, ती खांद्यावर पहार टाकून आमच्या कुरणात उतरली आणि ओढ्याच्या काठाने खुंट ठोकू लागली. लार्चच्या लाकडाचे खुंट, डोक्याला लाल रंग, त्यांना आडव्या फळ्या. माझा बाप तिच्यावर धावून गेला. "अगं ए, कुरण माझं आहे! एक खुंट विसरलीस तर उन्हाळ्यात माझ्या यंत्राचं पातं तुटेल."

"एप्रिलमध्ये सगळे उपटून देईन. चौसष्ट आहेत. मोजून घे."

आणि खरंच तिने ते एप्रिलमध्ये उपटले, बापाने मोजून घेतले. दुसऱ्या वर्षी तेच. दोन वर्षं ती एकटी ठोकत होती आणि आम्ही खिडकीतून बघत होतो. याची मला आजही लाज वाटते. तिसऱ्या वर्षी मी घण घेऊन गेलो. ती म्हणाली, "उशीर केलास," आणि एक खुंट सरळ धरून उभी राहिली.

एगोनला ते कुंपण डोळ्यांत खुपायचं. पत्रकाच्या फोटोत कुंपण दिसलं की आयांना धोका वाटतो, असं त्याचं म्हणणं. त्याने फोटो वरच्या बाजूने काढून घेतला, म्हणजे कुंपण दिसणार नाही. बुर्गी वाद घालत बसली नाही. प्रत्येक पत्रकाबरोबर ती स्वतःच्या हाताने काढलेला नकाशा पाकिटात घालायची. त्यात खोली, संडास, सूपचं दुकान, दोर, आणि तळाशी निळ्या शाईची रेघ. रेघेखाली लिहिलेलं असायचं, इथे ओढा आहे, हिवाळ्यातसुद्धा. असे किती नकाशे तिने काढले असतील देव जाणे. तिच्या मधल्या बोटावरचा निळा डाग निवृत्तीनंतरच गेला.

म्हणूनच तिला काढायची हिंमत कोणाला झाली नाही.

गेल्या ऑक्टोबरात मी तिच्या स्वयंपाकघरात बसून खुंटांना टोकं करत होतो. भुसा सांडतो म्हणून ती माझ्या नावाने खडे फोडत होती. तेवढ्यात फोन वाजला. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनचा आवाज खोलीभर घुमतो.

"मी मारिट," पलीकडून आवाज आला. "लग्नाआधीची लोमान. म्युन्स्टरची. टिलची बहीण."

बुर्गीच्या हातात पातेलं होतं. ते तिने टेबलावर ठेवलं, आवाज न करता.

"माझी मुलगी पाच वर्षांची आहे," मारिट म्हणाली. "तिला बर्फात न्यायचंय. इतकी वर्षं मी टाळलं, आता ती ऐकत नाही. तीन गावं निवडून ठेवलीत. त्यात एक ओबरवांग आहे आणि एक तुमचं. तुम्हीच सांगा, कुठे नेऊ? आणि उताराच्या खाली काय आहे?"

मी बुर्गीकडे बघत होतो. तेहतीस वर्षं ही बाई कशाची वाट बघत होती, ते मला त्या क्षणी कळलं. त्या घरातलं कोणीतरी पुन्हा आमच्या गावात यावं, एवढीच तिची आस होती. आता फक्त 'या' म्हणायचं होतं. मी हाताने खुणावत होतो, म्हण, म्हण!

"खाली ओढा आहे," बुर्गी म्हणाली. "हिवाळ्यातही असतो. वर बर्फ असतं म्हणून दिसत नाही. काठाला कुंपण आहे. दर वर्षी पितरांच्या दिव्यांनंतरच्या शनिवारी मी आणि किलियान ते ठोकतो. पण माझा एक गुडघा गेलाय आणि फळी कधी सैल राहील याची खात्री मी देत नाही. ओबरवांगचा उतार तळाशी पुन्हा वर चढतो. पोर तिथे आपसूक थांबतं. पोरीला तिकडे न्या."



"तुमच्याकडे नको?"

"नको. पाच वर्षांची आहे. तिकडेच न्या."

"बरं," मारिट म्हणाली. "आईनेच मला नंबर दिला. म्हणाली, त्या बाईंना विचार, आता त्यांच्याइतकं खरं कोणी सांगणार नाही." आणि तिने फोन ठेवला.

मी भडकलो. "म्हातारे, अक्कल गहाण टाकलीस का? पोरगी येत होती! आपलं कुंपण काय कागदाचं आहे?"

"तिने विचारलं," बुर्गी म्हणाली. "मी सांगितलं." मग ती खाली बसली आणि रडली. मी तिला रडताना पहिल्यांदाच बघत होतो. काय करावं ते न सुचून मी भुसा झाडून काढला.

पितरांचे दिवे लावून झाले. शनिवारी आम्ही कुरणात होतो. गवत पिवळं पडलेलं, बर्फ अजून वरच्या शिखरांवर. या दिवसांत आमच्या गावात पाहुणा चुकूनही फिरकत नाही. म्हणून अकराच्या बसमधून एक पांढऱ्या केसांची बाई शहरी बूट घालून उतरली, तेव्हा मला वाटलं स्टॉप चुकला असेल. ती कुरणातून सरळ आमच्याकडे चालत आली. बुर्गीने तिला माझ्याआधी ओळखलं. दोघी साधारण एकाच वयाच्या.

कोणी हात पुढे केला नाही. लोमानबाई काठापर्यंत गेल्या आणि खाली बघत उभ्या राहिल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांनी आमचा ओढा कधी पाहिलाच नव्हता. त्यांनी पाहिलं होतं ते फक्त पांढरं बर्फ. आता बर्फ नव्हतं. दगडांवरून पाणी वाहत होतं, घोट्याएवढं. लांब टांग टाकली तर पलीकडे जाता येईल, इतकीच रुंदी.

"एवढासाच?" त्या म्हणाल्या.

"एवढासाच," बुर्गी म्हणाली.

बाई खूप वेळ तिथे उभ्या होत्या. मी टोपी काढली. मग त्यांनी हातातली पर्स गवतावर ठेवली, पुढचा खुंट उचलला आणि बुर्गीने पहारीने केलेल्या खड्ड्यात दोन्ही हातांनी सरळ धरला.

"असा?" त्यांनी विचारलं.

"जरा माझ्याकडे," बुर्गी म्हणाली, आणि मी घण उचलला.